नदीकाठ आणि मेट्रो एकत्र आखताना: आधी छेद, मग नकाशा

६ मार्च २०२२ ला पुण्यात मेट्रोचे पहिले दोन तुकडे, वनाज ते गरवारे कॉलेज आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ते फुगेवाडी, सुरू झाले. त्याच दिवशी मुळा-मुठा नदीकाठाच्या नऊ किलोमीटरच्या, १,०८० कोटींच्या कामाची पायाभरणीही झाली. दिवस एक, शहर एक, नदीही एकच. पण दोन कामांचे नकाशे वेगळ्या टेबलांवर तयार झाले होते.

त्याचा परिणाम डेक्कनला दिसतो. तिथलं मेट्रो स्थानक अगदी मुठेच्या कडेला आहे आणि १ ऑगस्ट २०२३ ला ते सुरू झालं. समोर नारायण पेठ दिसते, मधे फक्त नदी. तरी स्थानकाला पेठेशी जोडणाऱ्या पादचारी पुलाचं काम नंतर चालत राहिलं आणि त्यासाठी २०२५ मध्ये तिथलाच नदीवरचा भिडे पूल वाहतुकीला बंद ठेवावा लागला. रोज त्या पुलावरून ये-जा करणाऱ्यांनी मेट्रोच्या सोयीसाठी महिनोन्‌महिने वळसा घातला. हे काम स्थानकाच्या मूळ आराखड्यात आणि मूळ वेळापत्रकात असायला हवं होतं.

ही चूक पुण्यापुरती नाही. नदीकाठ आणि जलद वाहतूक दोन्ही हाती घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येक शहरात ती होते, कारण दोन प्रकल्प आधी पूर्ण आखले जातात आणि ‘समन्वय’ शेवटी, बैठकीच्या इतिवृत्तात येतो. हा लेख महापालिकेतले अभियंते, सल्लागार, नगररचनेचे विद्यार्थी आणि हरकती-सूचना लिहिणारे नागरिक यांच्यासाठी आहे. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण तिथल्या जागा मला चालून माहीत आहेत. दुसऱ्या शहरात पातळ्या आणि यंत्रणा बदलतील, कामांचा क्रम बदलणार नाही.

## तयारी: बैठक बोलावण्याआधी टेबलावर काय हवं

कागद हातात नसताना घेतलेली पहिली समन्वय बैठक फुकट जाते. प्रत्येक जण आपापलं सादरीकरण दाखवतो आणि उठतो. म्हणून आधी हे जमवा:

- जलसंपदा विभागाचा पूररेषांचा नकाशा. सोबत ती रेषा किती विसर्गासाठी आणि कोणत्या वर्षीच्या सर्वेक्षणावर काढली, ही माहिती.
- नदीचे आडवे छेद, म्हणजे नदी एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत आडवी कापली तर दिसेल तसं उंची-खोलीचं चित्र. शक्यतो दर ५० ते १०० मीटरवर, आणि ताजे, म्हणजे मागच्या पावसाळ्यानंतर घेतलेले.
- मेट्रोची आखणी: खांबांचे क्रमांक, पाइल कॅपची (जमिनीत खोल घातलेल्या पाइलवरच्या काँक्रीटच्या ठोकळ्याची) वरची पातळी, प्रत्येक स्थानकाचे जिने आणि लिफ्ट कुठे उतरतात.
- काठालगतच्या मैलापाणी आणि पावसाळी वाहिन्या, वीज, पाणी, गॅस. नदीला मिळणारा प्रत्येक ओढा-नाला.
- जमिनीची मालकी. महापालिका, रेल्वे, संरक्षण खातं, कॅन्टोन्मेंट, खासगी.
- सगळ्या पुलांची आणि कॉजवेंची (पुरात बुडणाऱ्या बुटक्या पुलांची) यादी, कठड्याच्या पातळीसह आणि गर्डरच्या, म्हणजे पुलाच्या तुळईच्या, खालच्या पातळीसह.

मालकीचा कागद हलका घेऊ नका. मुळेच्या बऱ्याच लांबीत एक काठ पुणे महापालिकेचा आहे, तर दुसरा पिंपरी-चिंचवडचा. मेट्रोची पहिली मार्गिका दापोडी आणि बोपोडीच्या मधे मुळा ओलांडते, म्हणजे एकाच ओलांडणीत दोन महापालिका आल्या. शेजारी खडकी कॅन्टोन्मेंट आहे. पुढे हिंजवडी ते शिवाजीनगर मार्गिका पीएमआरडीएकडे (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे), बाकीच्या महामेट्रो या सरकारी कंपनीकडे. एवढ्या सगळ्यांना एका कागदावर आणायचं तर तो कागद कुणाच्या कार्यालयात राहणार, हे लेखी ठरवावं लागतं. पुण्यात एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरण, म्हणजे ‘पुम्टा’, याच कामासाठी आहे. पण जलसंपदा विभागाचा अधिकारी त्या टेबलावर पहिल्या दिवसापासून नसेल तर नदीची बाजू मांडणारं तिथे कुणी उरत नाही.

तपासा: वरच्या यादीतला एकही कागद ‘मागवला आहे’ या अवस्थेत असेल तर टप्पा १ सुरू करू नका.

## टप्पा १: एकच तलांक, एकच नकाशा

सगळ्यात कंटाळवाणं काम हेच आहे, आणि टाळलं तर सगळ्यात महाग पडतं.

तलांक म्हणजे उंची जिथून मोजायची ती शून्यपातळी. नदीकाठाचा सल्लागार एका बेंचमार्कवरून (उंची ठरलेल्या पक्क्या खुणेवरून) पातळ्या घेतो आणि मेट्रोचा सर्वेक्षक दुसऱ्यावरून. मैलापाणी विभागाचे जुने नकाशे तर स्थानिक, मानलेल्या तलांकावर असतात. कागदावर तिन्हीकडे ‘५४५.२०’ असंच लिहिलेलं दिसतं, पण जागेवर ते आकडे वेगवेगळ्या उंचीचे निघतात. एका संयुक्त बैठकीत मी दोन नकाशे एकमेकांवर ठेवलेले पाहिले, तेव्हा पुराच्या पातळीच्या वर असायला हवा असलेला पादचारी मार्ग त्याच्या खाली निघाला. दोन्ही नकाशे आपापल्या जागी बरोबर होते. फक्त त्यांची शून्यं वेगळी होती.

काय करायचं: समुद्रसपाटीपासूनची एकच संदर्भपातळी ठरवा. नदीच्या दोन्ही काठांवर, पुराच्या वर, कायमस्वरूपी बेंचमार्क बसवा. मग तिन्ही-चारही यंत्रणांच्या सर्वेक्षकांना एकाच दिवशी जागेवर नेऊन त्याच पाच-सहा ठिकाणांच्या पातळ्या मोजायला लावा. फरक आला तर कुणाचा नकाशा किती सेंटिमीटरने वर-खाली करायचा हे तिथेच लिहून सह्या घ्या.

एककंही इथेच जुळवा. धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत सांगतात. सल्लागारांची संगणकीय प्रारूपं घनमीटरमध्ये चालतात. एका घनमीटरमध्ये सुमारे ३५.३ घनफूट बसतात, तेव्हा ६०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण १,७०० घनमीटर. अहवालात दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापा. मग घोटाळा वाचणाऱ्यालाच दिसतो.

## टप्पा २: पाण्याचा हिशोब, आणि तोही सगळ्यांचा मिळून

महाराष्ट्रात दोन पूररेषा धरतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोन्हींच्या मधे नियंत्रित क्षेत्र. पुण्यात मुठेसाठी निळी रेषा ६०,००० आणि लाल रेषा १,००,००० क्युसेकवर धरलेली आहे.

आता हे आठवा: २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, तेव्हा खडकवासल्यातून सोडलेला विसर्ग ३५,००० क्युसेकच्या आसपास होता. निळ्या रेषेच्या आकड्यापेक्षा कितीतरी कमी. म्हणजे कागदावरची रेषा आणि आजची नदी यांत अंतर पडलं आहे. पात्रात भराव पडतो, राडारोडा येतो, गाळ साचतो, ओढ्यांचं पाणी धरणाच्या आकड्यात धरलेलं नसतं. म्हणूनच तयारीत ताजे छेद मागितले. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या छेदांवर आजची भिंत आखणं म्हणजे पूर थेट लोकांच्या स्वयंपाकघरात नेऊन सोडणं आहे.

सगळ्यात जास्त होणारी चूक मात्र वेगळी आहे. प्रत्येक यंत्रणा फक्त आपल्या कामाचा परिणाम दाखवते. मेट्रो सांगते की खांबांमुळे पाण्याची पातळी जेमतेम काही सेंटिमीटर वाढेल. नदीकाठ प्रकल्प सांगतो की बांधामुळे थोडीच वाढेल. पुलाचा ठेकेदारही तेच सांगतो. प्रत्येकाचा अहवाल खरा असतो. पण पुराचं पाणी एकेका अहवालापाशी वेगळं थांबत नाही, ते सगळ्यांच्यातून एकदमच जातं. खांबाने अडवलेलं पाणी भिंतीमुळे बाजूला पसरू शकत नाही, मग ते मागे फुगतं, आणि फुगवटा वरच्या अंगाच्या वस्तीत जातो. ती वस्ती बहुतेकदा कोणत्याच प्रकल्पाच्या हद्दीत नसते.

पद्धत अशी ठेवा:

१. आधी आजच्या नदीचं प्रारूप चालवा. त्यात आजचे सगळे पूल, कॉजवे, भराव धरा. ते अलीकडच्या खऱ्या पुराशी पडताळा. २०२४ च्या जुलैत पाणी कुठल्या भिंतीपर्यंत आलं हे लोकांना माहीत आहे. त्या खुणा मोजून घ्या.

२. मग सगळी प्रस्तावित कामं एकत्र घालून चालवा. मेट्रोचे खांब, नदीकाठाचे बांध आणि उतार, नवे पादचारी पूल, घाट, नाल्यांचं पाणी वळवून नेणाऱ्या वाहिन्या.

३. तिसऱ्यांदा, बांधकाम चालू असतानाची अवस्था घालून चालवा. पात्रातला तात्पुरता रस्ता, क्रेनसाठी केलेला भराव, शटरिंग (काँक्रीट ओतायचे साचे). हे प्रारूप फारच थोडे लोक करतात. खरं तर सगळ्यात वाईट फुगवटा याच काळात येऊ शकतो.

४. प्रत्येक वेळी फक्त प्रकल्पाच्या हद्दीत नाही, तर वर दोन-तीन किलोमीटरपर्यंत पातळी किती बदलते ते पाहा. ओढ्यांच्या मुखाशी विशेष. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याच्या पुराने शहरात काय केलं ते पुण्याला वेगळं सांगायला नको. नदी फुगलेली असताना ओढा रिकामा होऊ शकत नाही, तो मागे चढतो.

पडताळणीसाठी खडकवासल्यालाच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. एवढी संस्था दाराशी असताना एकत्रित परिणामाचा अभ्यास न करण्याला कारण उरत नाही.

> इशारा: ‘बांध घातल्याने निळी रेषा आत सरकेल आणि तेवढी जमीन मोकळी होईल’ हे वाक्य आराखड्यात दिसलं की थांबा. रेषा कागदावर सरकते, पण पाण्याला जागा तेवढीच लागते. मोकळी झालेली जमीन विकून प्रकल्पाचा खर्च काढायचा बेत असेल, तर पाण्याचा हिशोब त्या बेताच्या सोयीने लिहिला जाण्याचा धोका आहे. हिशोब करणारा आणि जमीन विकणारा, दोघं वेगळे असलेच पाहिजेत.

## टप्पा ३: ओलांडण्या

नदी ओलांडणारी प्रत्येक गोष्ट एका तक्त्यात घ्या: रस्त्याचे पूल, मेट्रोचे पूल, पादचारी पूल, कॉजवे, नदीखालून जाणारे बोगदे, जलवाहिन्या. पुण्यात मेट्रो नदीला वेगवेगळ्या तऱ्हेने भेटते. दापोडीला ती मुळेवरून जाते, बंडगार्डन आणि येरवड्याच्या मधे मुळा-मुठेवरून, सिव्हिल कोर्ट आणि कसबा पेठेच्या मधे मुठेच्या खालून बोगद्यात, आणि डेक्कनपासून पुढे मुठेच्या कडेकडेने, पात्रातल्या खांबांवर. प्रत्येक तऱ्हेला वेगळी काळजी लागते.

पुलांखालून काठाचा पादचारी मार्ग जाणार असेल तर डोक्यावर किमान अडीच मीटर मोकळी उंची सोडा. ती मिळत नसेल तर मार्ग रस्त्यावर चढवून पलीकडे उतरवावा लागेल आणि तिथे सिग्नल लागेल. हे गर्डरची पातळी ठरण्याआधी कळलं तर वीस-तीस सेंटिमीटरची तडजोड करता येते. गर्डर चढल्यावर काहीच करता येत नाही.

नवे खांब जुन्या पुलाच्या खांबांच्या रेषेत, प्रवाहाला समांतर ठेवा. दोन पुलांचे खांब एकमेकांच्या आड-तिरपे आले की मधे ओंडके, जलपर्णी आणि प्लास्टिक अडकतं, आणि पूल बघता बघता बंधारा होतो.

उंची मोजताना वरचीही मोजा. २०२१ मध्ये लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोच्या गर्डरवरून गणेश मंडळांनी आक्षेप घेतला, कारण विसर्जनाचे रथ त्याखालून जातील का हा प्रश्न होता. काम काही काळ थांबलं. विसर्जन मिरवणूक, पालखी, दहीहंडी हे पुण्याच्या रस्त्यांचे ‘भार’ आहेत. गाड्यांच्या उंचीप्रमाणे रथांची उंचीही आखणीच्या पहिल्या तक्त्यात लिहा. मंडळांना आखणीच्या वेळी बोलावलं तर ते मोजून सांगतात.

भुयारी स्थानकांबाबत एकच गोष्ट, पण ती सोडू नका: प्रवेशद्वाराची पायरी लाल रेषेच्या वर आहे का, आणि १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुराच्या खुणेशी तिचा संबंध काय. सिव्हिल कोर्टचं स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर आहे. नदीकाठ सुशोभित करताना कुणी प्रवेशद्वारासमोरची जमीन ‘सलग’ करून पायरी काढून टाकली, तर वरचं पाणी थेट खाली जाईल.

## टप्पा ४: स्थानकाचं दार

लेखाच्या शीर्षकातला मुद्दा इथे येतो. नकाशात स्थानक आणि नदीकाठ शेजारी-शेजारी दिसतात. सगळे खूश होतात. छेद काढा, मग खरं अंतर दिसेल.

समजा उन्नत स्थानकाचा तिकीट-मजला रस्त्याच्या सात मीटर वर आहे आणि नदीकाठचा मार्ग रस्त्याच्या पाच मीटर खाली. नकाशात अंतर तीस मीटर, छेदात बारा मीटरचा चढ. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक उताराचा रॅम्प करायचा तर नुसता उतारच १४४ मीटर होतो. मधल्या सपाट जागा धरल्या तर १६५ मीटरच्या पुढे. तेवढी जागा तिथे नसते. म्हणून लिफ्ट लागते. पण नदीकाठच्या पातळीवर लिफ्टचा खड्डा केला तर तो पहिल्याच विसर्गात भरतो.

यावर उपाय आहेत, पण ते छेद आधी काढला तरच सुचतात:

- नदीकाठाला दोन पातळ्या द्या. खालची, पुरात बुडणारी, घाट आणि चालण्यासाठी. वरची, रस्त्याच्या जवळची, स्थानकाशी जोडलेली आणि वर्षभर चालू.
- लिफ्ट वरच्या पातळीपर्यंतच न्या. यंत्रसामग्री आणि विजेचे पॅनेल लाल रेषेच्या वर ठेवा.
- वरच्या पातळीवरून खालच्या पातळीकडे जाणारा रॅम्प काठाच्या लांबीच्या दिशेने न्या. नदीकडे आडवा नेला तर तो प्रवाहात अडथळा होतो.
- स्थानकाच्या तिकीट-मजल्याचा तिकिटाशिवाय जाता येणारा भाग हाच पादचारी पूल करा. रस्ता ओलांडायला, नदी ओलांडायला, सगळ्यांना. वेगळा पूल बांधायची गरजच कमी होते.

आता वर्तुळाचा प्रश्न. स्थानकाभोवती ५०० मीटरचं वर्तुळ काढून त्यात चारपर्यंत चटई क्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल तो आकडा) देण्याचं धोरण राज्यात आहे. सपाट शहरात ५०० मीटर म्हणजे सहा-सात मिनिटं चालणं. पण स्थानक नदीकाठी असेल तर जवळजवळ अर्धं वर्तुळ पाण्यात किंवा पलीकडच्या काठावर पडतं. पलीकडच्या इमारतीपासून स्थानक सरळ रेषेत २५० मीटर असेल, पण पूल गाठून चालत जायला सव्वा किलोमीटर. त्या इमारतीला जादा बांधकाम मिळतं, आणि तिथले लोक गाडीच काढतात. स्थानकाचा लाभ मिळाला नाहीच, गल्लीत गर्दी मात्र वाढली.

त्यामुळे वर्तुळ वापरू नका. स्थानकाच्या प्रत्येक दारापासून प्रत्यक्ष चालत मोजा. घड्याळ लावून, संध्याकाळी, एका ज्येष्ठ नागरिकासोबत. दहा मिनिटांत जिथे पोहोचता येतं ती सीमारेषा नकाशावर काढा. मग नवा पादचारी पूल घातला तर ती रेषा किती पुढे सरकते ते पाहा. पूल कुठे हवा याचं उत्तर यातूनच मिळतं. छत्रपती संभाजी उद्यान स्थानकापासून शनिवार पेठ, डेक्कनपासून नारायण पेठ, ही दोन्ही उत्तरं आखणीच्या वेळीच दिसण्यासारखी होती.

तपासा: प्रत्येक नदीकाठच्या स्थानकासाठी एक आडवा छेद. एका कडेला पलीकडचा काठ, दुसऱ्या कडेला जवळचा बसथांबा. त्यावर निळी रेषा, लाल रेषा, घाट, मार्ग, रस्ता, तिकीट-मजला, फलाट, सगळ्या पातळ्या. या एका कागदावर सर्व यंत्रणांच्या सह्या होईपर्यंत निविदा काढू नका.

## टप्पा ५: जोडतुकडे कुणाच्या निविदेत?

स्थानकाची हद्द जिन्याच्या शेवटच्या पायरीशी संपते. नदीकाठ प्रकल्पाची हद्द भिंतीशी सुरू होते. मधले चाळीस-पन्नास मीटर कुणाचेच नसतात. तिथे डबर पडतं, टपऱ्या लागतात, दुचाक्या उभ्या राहतात, आणि अंधार असतो. मी याला ‘जोडतुकडा’ म्हणतो.

प्रत्येक जोडतुकड्याला क्रमांक द्या. त्याच्यापुढे चार रकाने: कोण बांधणार, पैसे कोणत्या शीर्षाखाली, कधीपर्यंत, आणि बांधल्यावर झाडणार-दिवे लावणार कोण. चौथा रकाना रिकामा असलेला जोडतुकडा दोन वर्षांत बंद पडतो. माझ्या मते हे तुकडे मेट्रोच्या निविदेत घालणं बरं, कारण स्थानक सुरू करण्याची तारीख पक्की असते आणि तिच्या दबावाखाली तेही पूर्ण होतात. नदीकाठाचं काम वर्षानुवर्षं चालतं. पुण्यातली आखणीच तीन नद्यांवर मिळून ४४ किलोमीटरची, अकरा भागांत आहे.

फीडर बसचा थांबा हाही जोडतुकडाच आहे. २०१७ च्या राष्ट्रीय मेट्रो धोरणात स्थानकाभोवतीच्या पाच किलोमीटर परिसरासाठी जोडसेवांची अपेक्षा आहे. नदीकाठचा रस्ता सुशोभित करताना बस वळायला जागाच ठेवली नाही, असं सर्रास होतं. पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बारा मीटर बसचं वळण मोजून घ्या.

आणि वाहनतळ नदीच्या काठावर नको. निळ्या रेषेच्या आत तर नकोच. नदीकाठ गाडीने येण्यासारखा केला की मेट्रोने येण्याचं कारण संपतं.

## टप्पा ६: जमिनीखालचं आधी

मैलापाण्याची मुख्य वाहिनी नदीकाठानेच जाते, कारण उतार तिकडे असतो. मेट्रोच्या पाइलही तिथेच येतात. नदीकाठाच्या भिंतीचा पायाही तिथेच. तिघांना एकाच पाच-सहा मीटरच्या पट्ट्यात जागा हवी असते.

क्रम असा: आधी वाहिन्या हलवा, मग पाइल, मग भिंत, मग फरशी. उलट केलं तर नवी फरशी दोनदा उखडते. पुण्यात जपानच्या मदतीने ११ शुद्धीकरण केंद्रांचं, रोज ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचं काम वेगळं चालू आहे. नदीकाठाचा प्रत्येक भाग उघडण्याआधी त्या भागातला शेवटचा उघडा नाला जोडला गेला आहे का, हे जागेवर जाऊन पाहा, आणि नाकाने तपासा. वास येत असेल तर काठावर दगडी बाकं घालून कुणी बसणार नाही.

> इशारा: पावसाळी नाले मैलापाण्याच्या वाहिनीत वळवून ‘बंद’ करू नका. पावसात ती वाहिनी स्थानकाच्या तळघरात किंवा काठावरच्या चेंबरमधून उलटी येते.

## टप्पा ७: परवानग्या आणि लोक

जलसंपदा, पर्यावरण, वृक्ष प्राधिकरण, वारसा समिती, रेल्वे, संरक्षण. प्रत्येकाकडे तोच एक एकत्रित छेद आणि तोच पाण्याचा अहवाल जाऊ द्या. तुकड्यातुकड्यांनी परवानगी घेतली की ती लवकर मिळते असं वाटतं, पण मग ती न्यायालयात टिकत नाही. पुण्यात मुठेच्या पात्रातून जाणाऱ्या मेट्रोच्या तुकड्याचं प्रकरण राष्ट्रीय हरित लवादात गेलं आणि २०१७ च्या सुरुवातीला तिथल्या कामाला काही काळ स्थगिती मिळाली. तेव्हाच्या प्रश्नांची उत्तरं आखणीच्या टप्प्यात जाहीर करता आली असती.

झाडांची मोजणी स्वतंत्र, दोन्ही प्रकल्पांची मिळून करा. तेच झाड मेट्रोच्या यादीत ‘वाचवलेलं’ आणि नदीकाठाच्या यादीत ‘बाधित’ असू शकतं. १९७५ च्या वृक्ष कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. ती झाडं आधी नकाशावर घ्या. एप्रिल २०२३ मध्ये पुणेकर नदीकाठच्या झाडांसाठी चिपको आंदोलनाला उतरले, त्यामागे हीच भीती होती की काठाचं जंगल एकदा गेलं की रोपं लावून परत येत नाही. येरवड्याजवळ डॉ. सालीम अली पक्षी अभयारण्याचा पट्टा आहे. अशा ठिकाणी नदीकाठ ‘विकसित’ करूच नये असं माझं ठाम मत आहे. स्थानकातून रस्त्याच्या बाजूने लोकांना आणा, पाण्याच्या बाजूला मातीची पायवाट ठेवा, रात्री दिवे नकोत.

## टप्पा ८: पावसाळ्याचं वेळापत्रक

पात्रात काम करता येतं ते साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत. साडेसात महिने. बार चार्ट करताना बारा महिने धरू नका. पाइल आणि पायाची कामं एका हंगामात पूर्ण होतील अशीच सुरू करा, अर्धा भराव पावसात राहता कामा नये.

३१ मेच्या आत पात्रातला प्रत्येक तात्पुरता भराव, राडारोडा, शटरिंग बाहेर. त्याचे फोटो आणि त्या दिवशीचे आडवे छेद जलसंपदा विभागाला द्या. ‘नंतर उचलू’ असं सांगितलेला भरावच जुलैत शेजारच्या सोसायटीत पाणी नेतो. ठेकेदाराचं मे महिन्याचं बिल या छेदांना जोडा. कागद फिरतो तोवर पाऊस येतो, त्यामुळे बिल अडणं हाच चालणारा उपाय आहे.

पूल बंद करायचा असेल तर दोन्ही यंत्रणांची कामं त्याच बंदमध्ये करा. मेट्रोसाठी एकदा, वाहिनीसाठी पुन्हा, नदीकाठासाठी तिसऱ्यांदा असं करू नका.

## टप्पा ९: उघडल्यावर

धरणातून विसर्ग वाढणार असेल तर नदीकाठाची खालची पातळी कोण बंद करणार, किती वेळात, आणि स्थानकातल्या फलकावर ती सूचना कधी झळकणार, हे लिहून ठेवा. खडकवासल्याचं पाणी डेक्कनला पोहोचायला फार वेळ लागत नाही. प्रत्येक उतारावर फाटक आणि भोंगा हवा, आणि फाटकाची किल्ली जवळच्या माणसाकडे. वॉर्ड ऑफिसातली किल्ली उपयोगाची नाही.

विसर्जनाच्या दिवशी घाटावरची गर्दी आणि स्थानकाची गर्दी एकाच जिन्यावर येते. त्या दिवसासाठी चढायचा आणि उतरायचा जिना वेगळा ठेवा, आणि आधी पोलिसांसोबत रिकामी फेरी मारून पाहा.

उद्घाटनाच्या आधी शेवटची तपासणी रात्री करा. शेवटच्या गाड्यांपैकी एकीने उतरा. एकटी बाई, काठी टेकणारे आजोबा, बाळाची गाडी घेतलेलं जोडपं, प्रत्येकाला सोबत घेऊन फलाटापासून नदीच्या वरच्या पातळीवर, पूल ओलांडून पलीकडच्या पेठेतल्या घरापर्यंत चाला. कुठे अंधार आहे, कुठे पायरी तुटली आहे, कुठे लिफ्ट बंद आहे, कुठे फाटकाला कुलूप आहे ते लिहा. ती यादी संपल्यावर तारीख जाहीर करा.